एका हाकेला दोघी

सुनेत्रा आपल्या नणंदेला 'वन्सं' म्हणायची, आणि 'अहो-जाहो' करायची. नणंद वयानं लहान, केस कापलेली, ठाण्यात घोडबंदर रोडवर एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. अशा बाईला कुणी इतक्या जुन्या वळणाची हाक मारलेली ऐकली की पाहुणे गालात हसायचे. नणंद स्वतःही वैतागायची.

"वहिनी, वन्सं काय गं? मी काय नथ घालून बसलेय? सरळ रसिका म्हण ना."

"सवय झाली हो," असं म्हणून सुनेत्रा चहाचं आधण ठेवायला आत निघून जायची.

सवय वगैरे काही नव्हती. 'रसिका' हे नाव दुसऱ्या कुणाला हाक मारायला तिच्या तोंडून निघत नसे. कारण लग्नापर्यंत ते तिचं स्वतःचं होतं.

लग्न ठरत होतं तेव्हा सासरचं घर विठ्ठलवाडीला होतं. पहिल्याच बैठकीत सासूबाई म्हणाल्या होत्या, "मुलीचं नाव रसिका? अगंबाई, आमच्याकडे एक रसिका आहे की! एका हाकेला दोघी ओ देतील. कसं चालायचं?" सगळे हसले. तिचे वडीलही हसले. मग लग्नात नवरदेव सुदेशनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'सुनेत्रा' असं लिहिलं. अंगठी घसरल्यामुळे 'त्रा'चा काना वाकडा आला, त्यावरही सगळे हसले. तांदूळ संध्याकाळी परत डब्यात गेले. नाव राहिलं.

पाच-सहा वर्षांनी नणंदेचं लग्न निघालं तेव्हा ती ठणकावून म्हणाली, "मी नाव बदलणार नाही. चालत असेल तर करा, नाहीतर राहू द्या." सासूबाईंनी अबोला धरला आणि शेवटी सोडला. सुनेत्रा तेव्हा आत बेसनाचे लाडू वळत होती. तिनं सगळं ऐकलं. नणंद कल्याणला सासरी गेली आणि घरातलं ते नाव मोकळं झालं. पण ते कुणी हिला परत आणून दिलं नाही. हिनंही मागितलं नाही. मागायचं तरी कसं? आईवडील होते तोवर माहेरी ते नाव ऐकू यायचं. ते गेल्यावर राहिला भाऊ, तो 'ताई' म्हणतो.

पुढे सुदेशनं टिटवाळ्याला घर घेतलं, मुलगा आर्यन मोठा झाला, आणि सुनेत्रा आंबिवली स्टेशनजवळच्या एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर लागली. हे काम तिला मनापासून आवडलं. डोळ्यांच्या दवाखान्यात येणारी माणसं बहुतेक म्हातारी, आजूबाजूच्या गावांतली, थोडी घाबरलेली. सुनेत्रा त्यांना नावानं बोलवायची. "धाकूमामा, या, जिन्याकडे बघून." "केशरबाई, चष्मा हातात घ्या, पदरात नको." नावानं हाक मारली की माणूस अर्धा बरा होतो, असं तिला वाटे.

नावानंच घोटाळा केला. एका सकाळी तिनं "शांताबाई" अशी हाक मारली. बाकावर दोन शांताबाई होत्या, आडनावही एकच. एक मोहन्याची, एक बल्याणीची. बल्याणीच्या शांताबाईची तपासणी होती. पण मोहन्याची दाराजवळ बसली होती, ती उठली. आतल्या नर्सनं तिच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातले. ती बिचारी चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आली होती. दिवसभर तिला सगळं जग धुरकट दिसत राहिलं. दुखलंखुपलं काही नाही, संध्याकाळपर्यंत नजर ठीक झाली, पण तिच्या सुनेनं दवाखाना डोक्यावर घेतला.

ट्रस्टच्या सेक्रेटरींना निमित्त पुरलं. नावं बंद, यापुढे टोकन. आणि टोकन पुकारणारं तयार यंत्र एका एजन्सीकडून आणायचं, यंत्राबरोबर एजन्सीचाच माणूस काउंटरवर बसेल. सुनेत्राबाईंनी मागच्या खोलीत फायली लावाव्यात.

मागच्या खोलीत माणसं येत नव्हती. सुनेत्राला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दवाखान्याच्या डॉक्टर ऑलिव्हिया ठाण्याहून येत. हळू बोलणाऱ्या, पण मनात आलेलं करून घेणाऱ्या. त्यांनी सुनेत्राला आत बोलावलं.

"ताई, तुम्ही रविवारी ते कॉम्प्युटरचं काय शिकता म्हणालात? पायथन?"

"हो, सोसायटीच्या हॉलमध्ये. पण ते आपलं असंच हो, डॉक्टर."

"असंच कशाला? टोकन पुकारायचं तुम्हीच करा. येत्या गुरुवारी सेक्रेटरी येतायत. ओपीडी सुरू व्हायच्या आधी मशीन बोललं तर काउंटर तुमचं. पुढचं मी बघते."

पायथन म्हणजे संगणकाला काम सांगायची एक भाषा. आर्यन नोकरीला पुण्याला गेला, त्याचा जुना लॅपटॉप घरी राहिला, म्हणून सुनेत्रा त्या वर्गाला जाऊ लागली होती. तिला त्यातली एक गोष्ट फार पटली होती. सगळं आपणच लिहायचं नसतं. कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम असतं, त्याला मॉड्यूल म्हणतात. आपण फक्त त्याचं नाव घेऊन त्याला बोलवायचं. शेजारणीकडचं पुरणयंत्र मागून आणावं तसं. या बोलावण्याला म्हणायचं इम्पोर्ट. असंच एक बोलणारं मॉड्यूल तिला मिळालं. त्याला मजकूर दिला की ते मोठ्यानं वाचून दाखवी. आवाज बाईचा, मराठी बोलणं हिंदी वळणाचं, नुकतीच बदली होऊन आलेल्या बँकेतल्या बाईसारखं. पण नंबर स्पष्ट.

सुरुवातीला तेही सरळ चाललं नाही. मॉड्यूल सापडत नाही, असं लॅपटॉप सांगत राहिला. मॉड्यूल तर तिनं स्वतः आणून बसवलं होतं. वर्गातल्या शिक्षकांनी बघितलं तर आर्यननं त्या लॅपटॉपवर दोन पायथन बसवलेले. मॉड्यूल एकाच्या घरात ठेवलेलं आणि प्रोग्रॅम चालवत होता दुसरा. "कुठलीही वस्तू मिळाली नाही की आधी विचारायचं, कोण शोधतंय आणि कुठे शोधतंय," शिक्षक म्हणाले होते. सुनेत्रानं ते लक्षात ठेवलं.

बुधवारी संध्याकाळी तिनं आपला प्रोग्रॅम दवाखान्याच्या संगणकावर आणला, मॉड्यूल बसवलं, चालवून बघितलं. "टोकन क्रमांक एक," बँकेतली बाई खणखणीत बोलली. झाडू मारणारा दिपेश दचकला आणि हसला. सुनेत्रा निश्चिंत मनानं घरी गेली.

गुरुवारी ती लवकर आली. संगणक सुरू केला. पडद्यावर तिच्या फाइलचं नाव दिसत होतं, 'नवीन३'. डॉक्टर बघणार, सेक्रेटरी बघणार, आणि नाव काय तर नवीन३! मूल चालायला लागलं तरी त्याला बाळ्या म्हणावं तसं. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि फाइलचं बारसं करून टाकलं: 'टोकन'. छोटं, कामाचं, सगळ्यांना कळणारं. तिला ते फार आवडलं. मग सहज एकदा चालवून बघावं म्हणून तिनं बटण दाबलं.

पडदा तांबड्या ओळींनी भरून गेला. आवाज नाही.

सुनेत्रा पडद्याजवळ सरकली. काल चाललं, आज नाही, मधे तर काहीच केलं नाही. शिक्षकांचं आठवून तिनं आधी पायथन किती आहेत ते बघितलं. एकच होता. बोलणारं मॉड्यूल जागेवर आहे का बघितलं. होतं. तरी काढून पुन्हा बसवलं. पुन्हा त्याच ओळी. तिनं आपलं सगळं लिखाण एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. कुठे चूक नाही.

नाव बदललंय याचा तिला एकदाही संशय आला नाही. नाव बदललं म्हणून आतलं काही बदलत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

शेवटी तिनं फोन लावला.

"वन्सं, कामात आहात का हो?"

"आत्ताच ऑफिसला पोचलेय. काय गं? आवाज असा का? दादा बरा आहे ना?"

"ते बरे आहेत. माझं टोकनचं मशीन बोलत नाही. सेक्रेटरी येतायत आत्ता."

"थांब, थांब. रडू नकोस. लाल ओळी आल्यात? वरून वाचू नको, सगळे तिथेच गडबडतात. खालून वाच. शेवटची ओळ."

सुनेत्रानं चष्मा सारखा केला. "कॅनॉट इम्पोर्ट नेम... मग काहीतरी मोठं इंग्रजी... फ्रॉम टोकन."

"टोकन?" नणंद म्हणाली. "त्याच्यापुढे कंसात फाइलचा पत्ता असेल बघ. तो वाच."

"डी ड्राइव्ह, मग क्लिनिक, मग टोकन."

"म्हणजे तुझीच फाइल. वहिनी, तू फाइलचं नाव टोकन ठेवलंस?"

"आज सकाळी ठेवलं. का हो?"

नणंद हसायला लागली. "अगं, त्या नावाची एक फाइल आहे आधीपासून, पायथनच्या घरातच! तुझ्या बोलणाऱ्या मॉड्यूलला आतून तिची गरज लागते. ते तिला हाक मारतं, टोकन! आणि पायथनची खोड अशी की हाक मारली की आधी तो दारातच बघतो, म्हणजे ज्या फोल्डरमधून प्रोग्रॅम चाललाय तिथे. तिथे कुणी नसलं तर मग आतल्या कोठीत, आणि नंतर बाहेरून आणलेल्या सामानात. दारात त्याला तुझी टोकन दिसली. तो तिलाच घेऊन गेला. तिच्याकडे त्याला हवं ते नाहीच, मग बोंबलणार नाहीतर काय."

सुनेत्रा ऐकत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला. "अहो, म्हणजे मी परत शांताबाईच केली की!"

"कोण शांताबाई?"

"आहे एक. दाराजवळ बसली होती."

"बरं ते जाऊ दे. सोपं आहे. फाइलचं नाव बदल. टोकन२ कर, माझं टोकन कर, काहीही कर. एका मिनिटाचं काम."

सुनेत्राचा हात माउसवर गेला आणि तिथेच थांबला. बाहेर दिपेश बाकं पुसत होता. फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

"वहिनी? केलंस?"

"नाही."

"अगं मग कर ना."

"तिनंच का बदलायचं?"

"कोणी?"

"माझीनं. तिनं काय वाकडं केलंय?"

"वहिनी, तू वेडी आहेस का? ती दुसरी जुनी आहे, तिच्यावर सगळं उभं आहे. तिला हलवता येत नाही. नवीन आली तिनं बदलायचं, साधी गोष्ट आहे. आणि तुझे सेक्रेटरी दारात आलेत ना? नावावर काय अडलंय एवढं?"

"नावावरच अडलंय, वन्सं," सुनेत्रा म्हणाली. आपला आवाज एवढा शांत कसा, याचं तिलाच नवल वाटलं. "जुनीला हलवू नका. तिचं तिला असू दे. पण दोघींना राहता येईल असं काही नाही का तुमच्या त्या पायथनमध्ये? एवढं मोठं घर आहे म्हणता."

पलीकडे कळफलकांची टकटक ऐकू येत होती, कुणीतरी नणंदेला काही विचारत होतं, तिनं त्याला थांब म्हटलं. मग ती म्हणाली, आणि या वेळी हसत नव्हती, "आहे. असं कर. क्लिनिकच्या फोल्डरमध्ये एक वेगळं फोल्डर बनव. तुझी टोकन त्याच्या आत ठेव. बाहेर फक्त एक छोटी फाइल, तिचं नाव 'सुरू' ठेव. तिच्यात एकच ओळ. अमक्या फोल्डरमधली टोकन बोलव. मग दारात टोकन नावाचं कुणी उरत नाही. पायथनला त्याची जुनी टोकन कोठीत मिळेल आणि तुझी तिच्या स्वतःच्या घरातून येईल, घराच्या नावासकट. गोंधळ नाही."

"फोल्डरला काय नाव देऊ?"

"काहीही दे. फक्त इंग्रजी अक्षरं, मधे जागा सोडू नको. आणि आधीच असलेलं नको हं परत!"

सुनेत्रानं फोल्डर केलं. नावाच्या चौकोनात रेघ लुकलुकत होती. तिनं एका बोटानं, सावकाश, सहा अक्षरं टाइप केली.

"दिलं."

"काय दिलंस? ती ओळ सांगते, त्यात तेच नाव लागेल."

"रसिका."

"अय्या! माझं नाव कशाला गं?"

"तुमचं नाही," सुनेत्रा म्हणाली. "माझं."

इकडे डॉक्टर ऑलिव्हिया आणि सेक्रेटरी पायऱ्या चढत होते. सेक्रेटरींचा खोकला आधी आत आला.

"हं," नणंद म्हणाली. "लिही. फ्रॉम रसिका, इम्पोर्ट टोकन. लिहिलंस? सेव्ह कर. आता 'सुरू' चालव."

सुनेत्रानं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. तेवढ्यात सेक्रेटरी काउंटरशी येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. "काय बाई, बोलतंय का तुमचं यंत्र?"

"टोकन क्रमांक एक," यंत्र म्हणालं. "कृपया तपासणी कक्षात यावे."

सेक्रेटरी चपापले. डॉक्टरांनी तोंडावर रुमाल धरला.

"आवाज जरा हिंदी वाटतो," सेक्रेटरी म्हणाले.

"सर, आपल्या बँकेत तरी कुठे मराठी आवाज आहे?" डॉक्टर म्हणाल्या. "चालेल ना?"

सेक्रेटरींनी पुन्हा एकदा चालवायला सांगितलं, मग स्वतः बटण दाबून बघितलं, मग दोन आकडे उलटसुलट टाकून बघितले. दोन्ही बरोबर आले. "ठीक आहे," ते म्हणाले. "एजन्सीला नको म्हणून कळवतो. पण परत शांताबाई होता कामा नये." ते फिरले आणि थांबले. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही रसिका कोण? एजन्सीची का?"

"नाही, सर. मीच," सुनेत्रा म्हणाली. सेक्रेटरींना काही कळलं नाही, पण त्यांना कळायची गरजही नव्हती. डॉक्टरांनी मात्र चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघितलं आणि काही न विचारता आत गेल्या.

ओपीडी सुरू झाली. पहिल्या काही नंबरांना माणसं बरोबर उठली. मग यंत्र म्हणालं, "टोकन क्रमांक नऊ." कुणी उठलं नाही. यंत्र पुन्हा म्हणालं. मोहन्याच्या शांताबाई दाराजवळच्या त्याच जागेवर, हातात नऊ नंबरची चिठ्ठी घट्ट धरून, छताकडे बघत बसल्या होत्या.

सुनेत्रा काउंटरमागून उठून त्यांच्यापाशी गेली. "अहो, नऊ म्हणजे तुम्ही."

"मी कशी नऊ? मी शांताबाई."

"मोहन्याच्या शांताबाई, माहीत आहे मला. पण दोघी आहात ना, म्हणून नंबर."

"मग मोहन्याची म्हणायचं. त्यात काय एवढं?" शांताबाई गुडघ्यावर हात टेकत म्हणाल्या. "नंबराला कोण ओ देतं?"

सुनेत्राला हसू आलं. खरंच, त्यात काय एवढं. नंबराबरोबर गावाचं नावही बोलायला लावायचं, दोन ओळींचं काम. ती शांताबाईंना हात देणार तेवढ्यात काउंटरवर फोन वाजू लागला. नणंदेचा होता. "एक मिनिट बसा," असं शांताबाईंना सांगून तिनं तो घेतला.

"वहिनी, झालं?"

"झालं. काउंटर माझंच."

"बरं झालं." पण तिनं फोन ठेवला नाही. "वहिनी, मघापासून कामात लक्षच नाही माझं. मला आठवतच नव्हतं गं. आईनं तेव्हा तसं केलं ते. मी तिथेच होते, सतरा वर्षांची, तांदळाच्या ताटाशेजारी उभी. हसत होते मी. आणि नंतर कधी आठवलंच नाही."

"तेव्हा सगळेच हसत होते," सुनेत्रा म्हणाली.

"म्हणून तू मला वन्सं म्हणतेस."

सुनेत्रा काउंटरवरच्या चिठ्ठ्या सारख्या करू लागली.

"आता नको म्हणूस. प्लीज."

काउंटरच्या काचेत सुनेत्राला आपला चेहरा दिसत होता, मागे बाकावरची माणसं, सगळी आपापल्या नंबराकडे बघत बसलेली. तिनं मनातल्या मनात ते नाव एकदा म्हणून बघितलं. कुठे अडकलं नाही.

"बरं, रसिका," ती म्हणाली. "तुझे उपकार झाले गं आज."

"उपकार कसले, रसिका!" तिकडून आलं, आणि दोघी एकदम हसल्या. सुनेत्राचं हसणं जरा मोठ्यानंच झालं असावं, कारण सगळा बाक तिच्याकडे बघायला लागला.

मोहन्याच्या शांताबाई तर उठूनच उभ्या राहिल्या होत्या. चिठ्ठी पुढे करून त्या संशयानं म्हणाल्या, "कोण गं ती रसिका? माझा नंबर तिच्या आधी आहे हां."